ठाणे-नवी मुंबईत मोठं बेस कॅबिनेट नेणं आणि लावणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही ठाण्यात सरावाची खोली चालवतो आणि कार्यक्रमांना बॅकलाइन, म्हणजे वाजवणाऱ्यांच्या मागे लागणारे ॲम्प, पेट्या, ड्रम वगैरे, भाड्याने देतो. बेस गिटारच्या मोठ्या कॅबिनेटबद्दल, म्हणजे स्पीकरच्या पेटीबद्दल, फोनवर त्याच त्या गोष्टी सांगाव्या लागतात, म्हणून एकदाच लिहून ठेवल्या. वाजवायचं कसं ते तुमचं तुम्ही बघा. इथे फक्त वजन, जिने, वायरी आणि शेजारी.

मोठं कॅबिनेट म्हणजे नक्की केवढं?

नमुना म्हणून ॲम्पेगचं एसव्हीटी-८१०ई घेऊ. बेसवाले ज्याला ‘फ्रिज’ म्हणतात ते हेच. दहा इंची आठ स्पीकर, उंची ४८ इंच, रुंदी २६, खोली १६ आणि वजन १४० पौंड, म्हणजे ६४ किलोच्या आसपास. हेड, म्हणजे आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर, वेगळं. एसव्हीटी १९६९ साली आलं तेव्हा ३०० वॉटचं व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचं) हेड आणि खाली अशी दोन कॅबिनेटं असा संच असायचा, कारण तेव्हाच्या स्पीकरना एकट्या कॅबिनेटमध्ये एवढी ताकद झेपत नव्हती. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सनी ही यंत्रं अमेरिकेच्या दौऱ्यावर नेली. त्या काळी बेस पीएमधून, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या साउंड सिस्टीममधून, आजच्यासारखा मिळत नसे. मागे उभ्या केलेल्या पेट्यांवरच सगळी भिस्त होती, म्हणून त्या एवढ्या मोठ्या.

मग मला ते लागेल का?

बहुतेक वेळा नाही, आणि भाड्याचा धंदा असूनही हे सांगतो. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, वाशीचं विष्णुदास भावे, अशा बंदिस्त ठिकाणी साउंडवाला तुमचा बेस डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) थेट मिक्सरवर घेणार. प्रेक्षकांना ऐकू येतो तो पीएमधला बेस. तुमच्या मागचं कॅबिनेट हे तुमच्यासाठी आणि ड्रमवाल्यासाठी. तेवढ्याला हलक्या निओडिमियम चुंबकाचे दोन बारा इंची स्पीकर आणि तीन-एक किलोचं क्लास-डी (बिनव्हॉल्व्हचं, हलक्या जातीचं) हेड पुष्कळ झालं. एका खांद्यावर गिटार, एका हातात कॅबिनेट, निघालात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एवढी मोठी पेटी म्हणजे खर्ज फार खोल जात असेल, असं वाटतं. पण ८१०ई बंद पेटी आहे आणि कंपनीच्याच आकड्यांनुसार तिचा आवाज ५८ हर्ट्झखाली उतरू लागतो. ४० हर्ट्झला तो दहा डेसिबलने पडलेला असतो. चार तारांच्या बेसची खुली ई तार आहे ४१ हर्ट्झची, पाच तारांच्या बेसची खुली बी ३१ची. म्हणजे मूळ स्वरापेक्षा त्याच्या वरचे सूर तुम्ही जास्त ऐकता. छातीवर येणारा तो घट्ट, नेमका ठोसा तिथून येतो. तोच हवा असेल, मैदानात कॉलेजचा फेस्ट असेल, ड्रमवाला जोरकस असेल, तर फ्रिज न्या. नुसता घुमारा हवा असेल तर पीएच्या बेस बिनवर (खर्जाच्या मोठ्या पेट्यांवर) विश्वास ठेवा.

उंचीचा फायदा मात्र खरा आहे. वरचे स्पीकर चार फुटांवर असल्याने दोन पावलांवर उभं राहूनही स्वर स्पष्ट कळतात. लहान कॅबिनेट जमिनीवर ठेवलं की आवाज पायांवरून निघून जातो, वाजवणारा हेडचा आवाज वाढवत राहतो आणि पहिल्या रांगेतली माणसं उठून मागे जातात. लहान कॅबिनेट मजबूत क्रेटवर किंवा खोक्यावर चढवा, निम्मी तक्रार मिटेल.

आम्ही दोघं आहोत, इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर कसं न्यायचं?

दोघं पुरतात, पण दोघांनी आधी बोलून घ्यायला हवं. खालच्या माणसावर भार जास्त येतो, म्हणून दोघांत जो दणकट तो खाली. हुकूम एकानेच द्यायचा, आणि तो खालच्याने. वरचा उलट्या पावलांनी चढत असतो, त्याला पायरी दिसत नाही. खालच्याने “पायरी”, “थांब”, “वळण” म्हणत राहायचं. मोबाइल खिशात, पायात चप्पल नको, बूट हवेत.

८१०ई आणि त्या घाटणीच्या कॅबिनेटच्या पाठीवर सरकपट्ट्या असतात, तळाशी मागच्या कडेला दोन चाकं आणि वर आडवा दांडा. या तिन्ही गोष्टी जिन्यासाठीच आहेत. कॅबिनेट पाठीवर कलतं करा, दांड्याची बाजू वर, स्पीकरपुढची जाळी आभाळाकडे. वरचा दांडा धरून ओढतो, खालचा तळाला हात आणि खांदा लावून रेटतो, पट्ट्या पायरीच्या कडांवरून सरकतात. एका दमात एक पायरी. हवेत उचलायची गरज बहुतेकदा पडतच नाही. उतरताना तळाची बाजू पुढे, आणि वरच्याने दांडा धरून ब्रेक लावल्यासारखं हळूहळू सोडत यायचं. उतरणं चढण्यापेक्षा धोक्याचं. दमल्यावर घाईने केलं जातं ते तेच.

वळणाच्या मधल्या जागेत आडवं फिरवायच्या भानगडीत पडू नका. सरळ उभं करा. उभं असताना त्याला फक्त २६ बाय १६ इंच जागा लागते. जागच्या जागी फिरवा, श्वास घ्या, पुन्हा कलतं करा. पट्ट्या नसलेलं कॅबिनेट असेल तर बाजूच्या हँडलना धरून उचलायचं. जाळीला धरून मुळीच नाही, ती चार स्क्रूंवर किंवा वेलक्रोवर टिकलेली असते.

पाठीचं दुखणं असलेल्याने यात पडू नये. मित्राला बोलवा, नाहीतर हमाल करा.

वॉचमन लिफ्ट वापरू देत नाही. “वजन जास्त आहे, लिफ्ट बंद पडेल” म्हणतो.

लिफ्टमधली पाटी त्यालाच दाखवा. आपल्याकडे ६ माणसांच्या लिफ्टवर ४०८ किलो लिहिलेलं असतं, म्हणजे माणशी ६८ किलो. कॅबिनेट म्हणजे लिफ्टच्या हिशोबात एक प्रवासी, तोही जरा हडकुळा. तुम्ही दोघं आणि ते मिळून तीन झालात.

तरीही सेक्रेटरींना आदल्या दिवशी फोन करून ठेवा. वजनाचा मुद्दा निम्मा बहाणा असतो. भीती असते ती आरशाची, भिंतीच्या लॅमिनेटची आणि ओरखड्यांची. एक जुनी चादर बरोबर आहे म्हणालात की सूर बदलतो. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये सर्व्हिस लिफ्ट असते, तीच मागा. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत जाळीच्या सरकत्या दाराची अरुंद लिफ्ट असेल तर आधी टेप लावा. १६ इंचांची बाजू पुढे करून घातलं तर बहुतेक दारांतून जातं. आणि उंबऱ्याच्या फटीत चाक अडकतं, तिथे कॅबिनेट ढकलू नका, जरा उचलून पलीकडे टाका.

गाडी कोणती सांगू?

छोटा हत्ती. दुसरा विचार करू नका. कॅबिनेट, हेड आणि ड्रमचा सेट सहज जातात, ड्रायव्हरशेजारी एक माणूसही. सात आसनी गाडीच्या मागच्या सीट पाडून कॅबिनेट आडवं जाऊ शकतं, पण मोजायची असते ती मागच्या दाराची चौकट. आतली जागा मोजून उपयोग नाही. हॅचबॅकमध्ये घालण्याचे प्रयोग आमच्या दारात होत असतात, आणि संपतात ते टेम्पोवाल्याला फोन करूनच.

टेम्पोत कॅबिनेट उभं ठेवायचं तर ड्रायव्हरच्या केबिनला टेकवून, कमरेवर आणि त्याच्या वर असे दोन रॅचेट बेल्ट. आडवं ठेवायचं तर पाठीवर, जाळी वर, आणि जाळीवर काहीही ठेवायचं नाही. तोंडावर कधीच नाही. खाली गोधडी किंवा फोमचा तुकडा असू द्या. खड्ड्यांनी स्पीकर लगेच फाटत नाहीत, पण स्क्रू हळूहळू सैल होतात, आणि मग एका विशिष्ट स्वरावर ‘खर्रर्र’ येतं. ते कुठून येतं हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते. व्हॉल्व्ह हेड टेम्पोच्या मागे नको, पुढे सीटवर, मांडीवर घेतलं तर उत्तम.

ठाण्याहून नवी मुंबईला जाताना कळव्याहून ठाणे-बेलापूर रोड किंवा मुलुंडवरून ऐरोली पूल, जो मोकळा दिसेल तो. घोडबंदरकडून येणाऱ्यांनी कापूरबावडी-माजिवड्याचा वेळ हिशोबात धरावा. साउंडचेक चारला असेल आणि तुम्ही तीनला निघालात, तर साउंडचेक झालाच नाही असं समजा.

लोकलने किंवा रिक्षाने?

नाही.

हमाल करायचा तर काय सांगायचं?

वजन खरं सांगा. “हलकंच आहे” म्हणून बोलावलेला माणूस पहिल्या मजल्यावर पैसे वाढवणारच, आणि त्याचं चूक नाही. मजले, पायऱ्या, गाडीपासूनचं अंतर, परत खाली आणायचं आहे की नाही, हे बोलून रक्कम आधी ठरवा.

वाशीच्या बाजार समितीजवळ सराईत माणसं मिळतात. पन्नास किलोची गोणी त्यांना नवी नाही. पण गोणीला लावतात तो लोखंडी आकडा कॅबिनेटला लावू देऊ नका, आणि पाठीवर एकट्याने घेऊ देऊ नका. गोणी अंगाला चिकटते, पेटी नाही, आणि तिच्या कडा मणक्यात रुततात. महाराष्ट्राचा माथाडी कायदाही १९६९ चाच. एसव्हीटी आणि तो एकाच वर्षी आले, हा निव्वळ योगायोग, पण ओझं उचलणाऱ्या माणसाचा विचार त्यातल्या एकानेच केला होता.

चाकं पेव्हर ब्लॉकवर अडकतात. उपाय?

हातगाडी, म्हणजे दोन मोठ्या रबरी चाकांची ट्रॉली. कॅबिनेटची चाकं गुळगुळीत फरशीसाठी असतात. चौकोनी ठोकळे आणि गटाराच्या जाळ्या यांवर ती मोडतात. आणि स्टेज जराही उतरता असेल तर चाकांना लॉक असो वा नसो, लाकडाची पाचर लावा.

माझ्या हेडवर “किमान ४ ओहम” लिहिलंय. दोन कॅबिनेटं लावू का?

दोन्ही ८ ओहमची असतील तर हो, मिळून ४ होतात. दोन्ही ४ ओहमची असतील तर मिळून २ होतात, ते नको. हेड तापेल आणि बंद पडेल, किंवा बंद न पडता जळेल. फ्रिज स्वतःच ४ ओहमचं आहे, म्हणून त्याच्या जोडीला दुसरं काही लावायचं नाही. व्हॉल्व्ह हेडला मागे ओहमची कळ असते, ती कॅबिनेटशी जुळलीच पाहिजे.

वॉटबद्दल फार घाबरू नका. ८०० वॉट पेलणाऱ्या कॅबिनेटला ३०० वॉटचं हेड बेलाशक चालतं.

गिटारची वायर कॅबिनेटला चालेल ना? दोन्हीकडे जॅक तोच आहे.

जॅक तोच, वायर वेगळी, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. गिटारच्या वायरीत मध्ये केसासारखी बारीक तार आणि भोवती जाळी असते. स्पीकरकडे जाणारा करंट तिला झेपत नाही. तापते, आवाज दबतो, आणि व्हॉल्व्ह हेड असेल तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर धोक्यात येतो. स्पीकरची वायर म्हणजे दोन जाड, सारख्या तांब्याच्या तारा. २.५ चौरस मिलिमीटरची घ्या, लांबी दोन मीटरपेक्षा जास्त कशाला? अंधारात गफलत होऊ नये म्हणून स्पीकरच्या वायरीला दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळून ठेवा.

स्पीकॉनची (स्पीकरसाठीच्या खास प्लगची) सोय असेल तर तीच वापरा. घालून फिरवली की खट्ट करून बसते, पायात अडकून निघत नाही.

चालू करायचा क्रम?

आधी कॅबिनेटची वायर, मग गिटार, मग वीज. व्हॉल्व्ह हेड कॅबिनेट न जोडता चालू करायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. वीज दिल्यावर ते मिनिटभर स्टँडबायवर तापू द्या, मग वाजवा. बंद करताना आवाज शून्य, स्टँडबाय, वीज. आणि लगेच उचलून पळू नका. गरम व्हॉल्व्हना धक्का सोसत नाही. तोवर वायरी गुंडाळा.

एसी गाडीतून किंवा एसी हॉलमधून दमट हवेत आणलेल्या हेडला अर्धा तास तसंच राहू द्या. आत दव धरतं.

स्टेजवर कुठे ठेवायचं? एका हॉलमध्ये छान वाजतं, दुसऱ्यात नुसतं घुमतं.

४१ हर्ट्झच्या लाटेची लांबी आठ मीटरपेक्षा जास्त असते. एवढ्या लांब लाटेला तुमची पेटी कुठे तोंड करून आहे याची पर्वा नसते, ती चारही दिशांना पसरते. मागे भिंत असली की तिच्यावरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि खर्ज वाढतो. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून आणखी वाढवतात. म्हणून पहिला उपाय हेडवरची बटणं नाहीत. कोपऱ्यातून बाहेर काढा. मग भिंतीपासूनचं अंतर बदलून बघा, फूटभरानेही फरक पडतो.

दुसरा गुन्हेगार म्हणजे लाकडी पोकळ स्टेज. मंडपातल्या फळ्यांच्या स्टेजवर कॅबिनेट ठेवलं की स्टेजच वाजायला लागतं, आणि ते गायकाच्या माइकमध्ये शिरतं. खाली जाड रबर किंवा फोमची पट्टी घाला. चाकं निघणारी असतील तर काढा. एवढं करूनही घुमत असेल तर बेसची कळ पूर्ण खाली न आणता १०० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यातला आवाज थोडा कमी करा. चिखल तिथे असतो.

ड्रमच्या हाय-हॅटच्या (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीच्या) बाजूला, ड्रमवाल्याच्या जवळ ठेवायची जुनी पद्धत चांगली आहे. दोघांनी एकमेकांना ऐकलं की बाकीचे आपोआप सावरतात.

मंडपातल्या विजेवर लावू का?

आधी मल्टिमीटरने बघा. २३० व्होल्टच्या आसपास, आणि लाइट लागल्यावर फार हलत नसेल, तर ठीक. जनरेटर असेल तर तो स्थिर झाल्यावरच. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर कधीच नाही. गूं असा आवाज येतो म्हणून प्लगची तिसरी पिन काढणारे महाभाग भेटतात, आणि मग गिटारच्या तारांना हात आणि माइकला ओठ लावल्यावर झटका बसतो. गूं घालवायचा तर डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’ची कळ असते, ती त्याचसाठी. परदेशातून आणलेलं १२० व्होल्टचं हेड असेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा.

दिवाळी पहाटेचा कार्यक्रम आहे. साउंडचेक पाच वाजता चालेल?

उघड्यावर असेल तर नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि तेवढ्या वेळात बंद सभागृहाबाहेर लाउडस्पीकर आणि ॲम्प्लिफायर वाजवता येत नाही. काही ठरावीक दिवशी सरकार मुभा देऊ शकतं, पण ती रात्री बारापर्यंतच. पाचला जोडणी करा, ट्यूनरवर तारा लावा, आवाज बंद ठेवून मिक्सरवर सिग्नल येतो का बघा. राम मारुती रोड किंवा तलावपाळीच्या बाजूला कार्यक्रम असेल तर सामान अंधारातच उतरवून घ्या. उजाडल्यावर त्या गर्दीतून माणूस जाणं मुश्किल, टेम्पो कसला जातो.

घरी वाजवलं तर शेजारी येतात. मी आवाज मोजला, मर्यादेत होता!

रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण ती ज्या पद्धतीने मोजतात तिच्यात खर्जाला फार कमी गुण मिळतात. माणसाच्या कानाला हळू आवाजात खर्ज कमी ऐकू येतो, त्यानुसार ते मोजमाप केलेलं आहे. ६३ हर्ट्झचा आवाज त्यात २६ डेसिबलने कमी धरला जातो. त्यामुळे मोबाइलवरचा आकडा निर्दोष आणि खालच्या काकूंच्या कपाटातली भांडी थरथरतायत, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं. कॅबिनेटखाली रबर घातलं तर स्लॅबमधून जाणारा थरकाप थोडा कमी होतो, हवेतून जाणारा नाही. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावून खर्ज थांबत नाही, कृपया थांबा. घरी हेडफोन लावा. मोठ्याने वाजवायचं तेव्हा खोली भाड्याने घ्या, आमचीच असं नाही.

आई म्हणते स्लॅब खचेल.

खचणार नाही. कपड्यांनी भरलेलं लोखंडी कपाट याहून जड असतं.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या हवेत प्लायवूड फुगतं, वरच्या रेक्झिनला पांढरी बुरशी येते आणि जॅकवर गंज चढतो. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका. जमिनीपासून दोन लाकडी पट्ट्यांवर उचलून ठेवा. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून महिनोन् महिने ठेवलं तर ओल आतच कोंडते. त्यापेक्षा सुती चादर बरी. नेताना ताडपत्री हवी, पण पोचल्यावर लगेच काढा. बुरशी आलीच तर आधी कोरड्या फडक्याने, उघड्या हवेत पुसा, मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पिळलेल्या फडक्याने, आणि पंख्याखाली वाळवा. स्पीकरच्या कागदी कोनाला ओलं फडकं लावू नका. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वाजवत राहणं. वापरातलं कॅबिनेट फारसं बुरसत नाही.

जुनं फ्रिज विकत मिळतंय. काय तपासू?

आठपैकी एखादा स्पीकर मेलेला असला तरी पेटी वाजतच राहते, आणि विकणाऱ्यालाही ते माहीत नसतं. यातले स्पीकर प्रत्येकी ३२ ओहमचे, आठ समांतर जोडून ४ होतात. एक गेला तर साडेचारच्या पुढे जातं. मल्टिमीटरवर आकडा नेहमीच छापील आकड्यापेक्षा थोडा कमी येतो, म्हणून चांगल्या पेटीला तीन-साडेतीन दिसेल. साडेतीनच्या वर दिसला तर जाळी काढायला सांगा. हळू आवाजात एक लांब स्वर वाजवून प्रत्येक कोनाजवळ कान न्या, मेलेला कळतो.

मग ९ व्होल्टची बॅटरी कॅबिनेटच्या वायरीला क्षणभर टेकवा. आठही कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत. एखादा उलटा हलला, तर कोणीतरी स्पीकर बदलताना त्याच्या तारा उलट जोडल्या आहेत. तो बाकीच्यांचा खर्ज खातो. दोन तारांची अदलाबदल करून हे दुरुस्त होतं, भाव करताना मात्र आधीच सांगू नका.